पहिली चिमूट

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. शहर मागं पडल्यावर तासाभरानं बसवाल्यानं मला उतरवलं, तिथं झाडांशिवाय काही नाही. एक लोखंडी फाटक आणि त्यावर कोरी पाटी. पाटीवर काय लिहायचं ते जागेच्या मालकांचं, म्हणजे साहेबांचं, अजून ठरत नाही. ‘दफनभूमी’ लिहिलं तर लोक पळतील आणि ‘उद्यान’ लिहिलं तर डबे घेऊन येतील, असं त्यांचं म्हणणं.

ऐंशी एकर जंगल. त्यातली झाडं शक्य तितकी राखायची, मधून वळणाच्या पायवाटा, दोन तळी, बसायला बाकं, आणि सावलीत माणसं पुरायची. संगमरवर नाही, सिमेंट नाही. वीस वर्षं लोकांच्या बंगल्यांपुढं वाफे आखले आणि हॉटेलांपुढं कारंजी. प्रत्येकाला त्यात काहीतरी खटकायचंच. आता निदान ज्यांच्यासाठी बाग करायची ते कुरकुर करणार नाहीत. मन कसं हलकं झालंय.

राहायला दोन खोल्यांचं घर आहे. माझ्या आधी जो आराखडेवाला होता तो इथंच राहायचा आणि काम अर्धवट टाकून गेला. गेला ते बरंच झालं, पण जाताना बेसिनची जाळी तरी साफ करायची. केसांचा एवढा मोठा पुंजका, वर साबणाची साय. काडीनं ओढून काढताना मला कोरड्या ओकाऱ्या आल्या. मला किळस फार. दादा म्हणतो, हिला दुसऱ्यानं जांभई दिलेली हवासुद्धा चालत नाही. दोन बाटल्या फिनेल ओतून जमिनी घासल्या तेव्हा कुठं बूड टेकवलं.

स्वयंपाकाला फाटकाजवळ राहणारी मावशी येते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालते, ते दारातल्या पत्र्यावर काढते, हात तीनदा धुते. पाणीसुद्धा बाहेरून कॅनमधून आणते. चला, माझ्यावर ताण करणारी कुणीतरी भेटली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर पायपीट. जमीन बघून डोळे निवले. काळीभोर, भुसभुशीत, मुठीत धरली की गोळा होते आणि सोडली की सुटते. पण इतक्या जंगलात पालापाचोळा नाही, कुजकं लाकूड नाही. झाडांखाली झाडून काढल्यासारखं स्वच्छ. मुकादम म्हणाला, इथं असंच असतं बाई, पान पडलं की दिसेनासं होतं. हा मुकादम माझ्यासाठी चाचणीचे खड्डे खणणार आहे. बोलताना सारखा पायाखाली बघतो.

मग मी माती चाखली. तो बघतच राहिला. आता हे लिहायला हवं, नाहीतर किळशी बाई आणि माती खाते म्हणजे काय. बाबा सार्वजनिक बागेत माळी होते. काहीही लावायच्या आधी ते माती जिभेवर ठेवून बघायचे. आंबट लागली तर चुना, खारट लागली तर आधी निचरा, कडू लागली तर पुढं चला. आम्हा दोघांनाही त्यांनीच शिकवलं. पहिली चिमूट माझी, कारण मी धाकटी. दुसरी दादाची. तिसरी ते स्वतः घ्यायचे आणि मग आम्ही काय सांगतो ते ऐकायचे. दादा रोपवाटिकेत नोकरीला लागला, मी ही अशी आखणीवाली झाले, पण ती रीत दोघांचीही सुटली नाही. मी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पिणार नाही, पण माती कधी घाण वाटली नाही.

ही माती गोड आहे. बाबा म्हणायचे अशी गोड माती जन्मात एकदा मिळते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज साहेब येऊन गेले. तुळतुळीत डोकं, तुळतुळीत बोलणं. करारात मी एक अट घातली होती, ती त्यांनी आनंदानं मान्य केली: एक जागा बाबांसाठी, झाड मी निवडणार.

बाबांना आम्ही अकरा वर्षांपूर्वी शहरातल्या दफनभूमीत सिमेंटच्या कप्प्यात ठेवलं. दुसरी जागाच मिळाली नाही. मला सिमेंटखाली ठेवू नका, हे त्यांनी किती वेळा सांगितलं होतं. अकरा वर्षं ते मला बोचतंय. आता तिथून रस्ता जाणार आहे. महिनाअखेरपर्यंत ज्यांनी आपापलं माणूस उचलून नेलं नाही, त्यांचं सगळं एका खड्ड्यात लोटणार. म्हणून हे काम मी झडप घालून घेतलं.

सहा खड्डे झाले, गुडघाभर खोल. चार नंबरचा एका रुंद बुंध्याच्या झाडाखाली आहे, माझ्या खिडकीतून दिसतो. तीच बाबांची जागा. सहाही खड्ड्यांत मी एकेक सुती चड्डी पुरली. माळ्याची जुनी युक्ती आहे: दोन महिन्यांनी उकरायची, माती जिवंत असेल तर सूत जातं आणि नुसतं इलॅस्टिक उरतं. मुकादमाचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, अहो नव्या आहेत, दुकानातून आणल्यात.

संध्याकाळी फाटकाजवळच्या कचेरीतून दादाला फोन केला. एकवीस तारखेला तो बाबांची पेटी टेम्पोतून घेऊन येईल. माती कशी आहे ते मी त्याला रंगवून सांगितलं. म्हटलं, येशील तेव्हा चाखूनच बघ. तो म्हणाला, ते काय सांगायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सहज, थांबवेना म्हणून, एक नंबर उकरला. चार दिवस झालेत फक्त. आत इलॅस्टिकचं काळं वेटोळं, बाकी धागासुद्धा नाही. दोन, तीन, पाच, सहा, तेच. चार नंबरमध्ये इलॅस्टिकसुद्धा अर्धं विरघळल्यासारखं झालेलं, हाताला बुळबुळीत लागलं. शी. हात चारदा धुतला तरी वास जाईना. शेवाळं लागलेल्या फुलदाणीतल्या पाण्याचा वास.

तरी सवयीनं चव घेतलीच. चार नंबरची सगळ्यांत चांगली. गोडात जरा खारट. दोन चिमटी घेतल्या.

साहेबांना कळवलं तर ते धावत आले. चार दिवसांत, असं तीनदा विचारलं. हाडं पण जातील का, तेही विचारलं. म्हटलं, सुताचं सांगितलं मी, हाडांचं मला काय ठाऊक. त्यांच्या डोळ्यांत गणित चालू झालेलं दिसत होतं: काही उरतच नसेल तर एकाच झाडाखाली कितीही माणसं. माणसाच्या लोभाची मला मातीपेक्षा जास्त किळस आली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जिभेवर बुरा धरलाय. करडा, जाड. ब्रशनं खरवडला की काळपट पाणी येतं. नखांखाली काळं, आणि ते बाहेरून गेलेलं नाही. टाचणीनं काढलं, तासाभरात पुन्हा भरलं. उशीच्या अभ्र्यावर, कान टेकतो तिथं, मातीचा डाग. मला स्वतःच्या अंगाची शिसारी येतेय. दोनदा आंघोळ झाली.

मावशीनं माझी नखं बघितली आणि ताट लांबून सरकवलं. ती म्हणाली, आधीच्या साहेबांनी मागच्या अंगणात भाजी लावली होती. तिनं किती सांगितलं, इथलं उगवलेलं तोंडात घालू नका. ते हसायचे. तिनं विचारलं, तुम्ही तर काही खाल्लं नाही ना इथलं. मी नाही म्हटलं. खोटं का बोलले? लाज वाटली बहुतेक. एवढी टापटीप बाई आणि माती खाते हे कुणाला सांगणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांची जागा म्हणून चार नंबरचा खड्डा मुकादमाला पुरुषभर खोल करायला सांगितला. दगडगोटे बघायला माती मोठ्या चाळणीतून काढत होतो. चाळणीवर राहिलं ते असं: पँटीची एक चेन. पट्ट्याचं बक्कल. चष्म्याच्या काड्या. घड्याळ, पट्टा नसलेलं. आणि तीन बारीक चांदीच्या गुठळ्या. त्या काय आहेत ते मला लगेच कळलं, कारण तशा दोन माझ्याही दाढांत भरलेल्या आहेत.

हाड नाही. केस नाही. काही नाही.

मुकादमानं चाळणी हातातून सोडली. म्हणाला, आधीच्या आराखडेवाल्यांचे रबरी बूट ह्याच झाडाखाली सापडले होते, जोडीनं नीट ठेवलेले. अनवाणीच कुठंतरी गेले असं साहेब म्हणाले होते. फाटकातून जाताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

आणि गोडात जरा खारट, असं मी लिहिलंय. सोमवारी. वरच आहे.

मी आतडी पिळवटेपर्यंत ओकले. खाल्लेला पाव नव्हता, चहा नव्हता. ओली काळी माती पडली, पसाभर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुकादम काम सोडून गेला. साहेबांना त्या वस्तू दाखवल्या. त्यांनी रुमालात बांधून खिशात घातल्या आणि म्हणाले, हे आपल्या दोघांत राहू दे. मी म्हटलं, इथं माणूस पुरायचा नाही. ते म्हणाले, बाई, माणूस पुरायलाच तर घेतलीय ना जागा.

डावीकडची दाढ हलतेय. जिभेनं ढकलली तर कडेनं माती येते.

आणि लिहायलाच हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार: काल आणि आज मी परत गेले होते. चार नंबरपाशी. काय आहे त्यात, कोण आहे, ते ठाऊक असून. घेताना किळस येते, डोळ्यांत पाणी येतं, आणि तरी हात तोंडाकडं जातो. घेतल्यावर बरं वाटतं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शहरात दातांच्या डॉक्टरकडं गेले. बसमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून उठून गेला. मी कुणाशेजारून अशी शंभर वेळा उठले असेन.

डॉक्टरनं गाल आणि हिरडीच्या मधे कापसाच्या दोन वळकट्या ठेवल्या आणि हत्यार घ्यायला वळला. परत बघतो तर कापूस नाही. गिळलात का, असं त्यानं जरा रागानंच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं आणखी दोन ठेवल्या आणि ह्या वेळी बघत राहिला. आम्ही दोघंही बघत होतो, मला वरच्या आरशात दिसत होतं. कापूस ओला झाला, करडा झाला, बसला, आणि हिरडीत गेला. साखर चहात जाते तसा. डॉक्टरनं हातमोजे काढून टाकले. मोठ्या रुग्णालयात जा म्हणाला, चिठ्ठी लिहिली, पण ती माझ्या हातात दिली नाही. टेबलाच्या कडेला ठेवली.

मोठ्या रुग्णालयात जायला हवं. पण एकवीसला दादा इथं येणार. मी नसले तर तो एकटाच झाडाखाली जाईल. आधी त्याला थांबवते. मग जाते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला फोन. जीभ जड, शब्द चघळल्यासारखे येतात. तो म्हणाला, तोंडात काय कोंबलंयस. मी म्हटलं, येऊ नकोस, माती वाईट आहे. तो हसला. तूच म्हणालीस गोड आहे. बाबांना काढलंय बाहेर, पेटी घरात आहे, वहिनी त्या खोलीत जात नाही, आता मागं फिरायचं नाही. आणि माझा सूर ऐकून मऊ झाला. म्हणाला, तुला बाबांना बघायची भीती वाटतेय, मला कळतं. तू काही करू नकोस, मी करीन सगळं. आणि मातीचं काय ते मी येऊन आधी चाखून बघतो, मग ठरवू.

चाखू नकोस, असं मी ओरडले. पाच-सहा वेळा. त्याला नुसता घुर्र आवाज गेला असणार. लाइन खराब आहे म्हणाला आणि ठेवला.

माझ्या तोंडानंच मी त्याला बोलावलंय.

बाबांना इथं ठेवलं तर चार दिवस. मग काही उरणार नाही. आणि पाचव्या दिवशी मी त्या खड्ड्याच्या कडेला बसून —

नाही. हे लिहिणार नाही. मला ठाऊक आहे मी काय करीन, आणि म्हणून त्यांना इथं येऊ द्यायचं नाही.

१९ फेब्रुवारी

पुन्हा फोन केला. वहिनी होती. मी बोलत होते, ती कोण आहे, कोण आहे म्हणत राहिली. मग ठेवला. जीभ अर्धी राहिलीय. दुखत नाही, हेच घाण आहे. दुखायला हवं होतं.

मावशीला द्यायला चिठ्ठी लिहिली. माझ्या बोटांत कागद ओला होऊन फाटला, मग नुसता लगदा. ह्या वहीला आता रबरी हातमोजे घालून शिवते, तरी कडा तपकिरी झाल्यात. मावशीला वाचताही येत नाही. खुणेनं सांगितलं — फाटक, टेम्पो, तोंड, नको. ती रडायला लागली. म्हणाली, आधीच्या साहेबांनीपण असंच केलं होतं शेवटी. गाठोडं बांधून गेली. तिचा राग नाही. मीसुद्धा गेले असते.

पत्रा मात्र कुजत नाही. दारातला तिचा बुटांचा पत्रा घेतला. त्यावर ऑइलपेंटनं, हातभर अक्षरांत: दादा, इथली माती तोंडात घालू नकोस. फाटकाच्या कोऱ्या पाटीवर तारेनं आवळून बांधला. येताना पाच वेळा बसले. गुडघे वाकतात ते उलटे वाकतात.

दोन दाढा पडल्या. चांदी तेवढी हातात आली.

२० फेब्रुवारी

साहेब आले. उद्या दोन कुटुंबं जागा बघायला येणार आहेत. पत्रा काढला. मी पाय धरले — ओढून घेतला पाय. माझ्या बोटांचे काळे ठसे पँटवर बघून तिथंच उलटी केली.

म्हणाले, तुमच्या भावाला सांगीन मी. नीट सांगीन.

काय सांगणार. बाई शहरात गेलीय, असंच ना.

गाडीत पत्रा टाकून नेला. डबा रिकामा आहे — रंग नाही. कोळशानं भिंतीवर लिहिलं, आतल्या. तो आत आला तर दिसेल. आधी आत आला तर.

बूट काढावेसे वाटतात. सारखं. तळव्यांना. काढायचे नाहीत.

वास येत नाही आता. बेसिनमध्ये केस आहेत, माझेच, एवढाले — काही वाटलं नाही. बघत उभी होते. काहीच वाटत नाही. किळस तेवढी माझी होती, तीपण —

२१

टेम्पो.

फाटकावरून सरळ तिकडंच गेला. घराकडं नाही. साहेब हात करून दाखवतायत, झाड.

दारापर्यंत जमत नाही. पाय कमरेपासून — खुर्ची खिडकीशी आहे. तेवढंच.

काच वाजवली. दोन्ही हातांनी. बोटाचं पेर काचेला राहिलं.

दादानं पेटी खाली ठेवली. अंगात बाबांचा कोट घातलाय. खड्ड्यात डोकावला. इकडं बघितलं —

दिसले मी. ऊन आहे काचेवर, नीट दिसत नसेल. हसला. हात केला.

नको म्हणून मान हलवतेय. तो पण हलवतोय. वेडा, त्याला वाटतं मी —

वाकला. घेतली. डाव्या हातात एक, उजव्यात एक. तोंडात नाही घातली. धरून येतोय इकडं. चालतोय. चिमूट पुढं करून, लहानपणी करायचा तशी. माझी झाल्याशिवाय तो कधीच घेत नाही. कधीच नाही घेतली त्यानं.

मी नाही घेतली तर तोही —

तोंड मिटून बसायचं. एवढंच करायचं. एवढंच. दादा, मी तोंड मिटते, तू पण

खिडकी उघडली त्यानं. माझ्याकडं बघून त्याचा चेहरा — तरी हात मागं घेतला नाही. रडतोय. बाळा म्हणतोय. पहिली तुझी म्हणतोय.

वास येतोय. किती गोड

तोंड उघडतंय, मी नाही, आपोआप — दादा दुसरी टाकून दे, दुसरी